नववीच्या बाकाचा हिशेब: मुंबईच्या वाढत्या उपनगरांतील माध्यमिक शाळांच्या नियोजनाचे परीक्षण

मालाड, कांदिवली, चांदिवली, गोवंडी, मानखुर्द अशा झपाट्याने भरत चाललेल्या भागांतील पालकांना राज्य शासन आणि महानगरपालिका मिळून एक सेवा देतात, पण ती सेवा आहे हेच सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आठवी पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलामुलीला घरापासून जाण्यायेण्याजोग्या अंतरावर, घरच्यांना पेलेल अशा खर्चात आणि त्याच्या माध्यमात नववीची जागा मिळावी, यासाठी काही वर्षे आधीच करून ठेवायचे नियोजन म्हणजे ही सेवा होय. मी पश्चिम उपनगरातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते आणि जून महिन्यात प्रवेशाच्या टेबलावरही बसते, त्यामुळे या सेवेची फळे मला दरवर्षी समोर दिसतात. माझे मत आरंभीच सांगते. पहिली ते आठवीपर्यंत ही सेवा बऱ्यापैकी उभी आहे. नववी आणि दहावीसाठी मात्र ती अपुरी आहे. त्यासाठी लागणारी माहिती शासनाकडे आणि पालिकेकडे उपलब्ध आहे, परंतु ती एकत्र मांडून ‘या विभागात पुढील चार वर्षांत नववीच्या इतक्या जागा कमी पडतील’ असे लेखी सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नाही, हा तिच्यातला सर्वांत मोठा दोष आहे.

चांगल्या बाजू आधी नोंदवल्या पाहिजेत. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. विद्यार्थ्यांना गणवेश, वह्या, दप्तर, बूट यांसह सत्तावीस शालोपयोगी वस्तू मोफत दिल्या जातात आणि ज्या घरात दोन-तीन मुले एकाच वेळी शिकत आहेत तिथे या मदतीचे मोल फार मोठे असते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याखालील राज्याच्या २०११ च्या नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरवले. मुंबईत ही अंतरे बहुतेक ठिकाणी पाळली जातात. अलीकडच्या काळात पालिकेने आपल्या काही शाळांना नैसर्गिक वर्गवाढीने नववी-दहावीचे वर्ग जोडले, आणि या संपूर्ण सेवेतला हा सर्वांत शहाणपणाचा भाग आहे असे मी मानते. त्याच इमारतीत, ओळखीच्या शिक्षकांच्या नजरेखाली मूल नववीत जाते, दाखला काढावा लागत नाही आणि गळतीची सर्वांत धोक्याची पायरी नकळत ओलांडली जाते.

मात्र अशी वर्गवाढ सर्वत्र झालेली नाही. पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या तुलनेत माध्यमिक शाळांची संख्या फारच कमी आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, तसे माध्यमिक शिक्षण नाही. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षणही वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे आठवीच्या आसपास संपते. त्याच कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलांनाही नववीपासून पूर्ण शुल्क भरावे लागते आणि ज्यांना ते झेपत नाही ती मुले दुसरी शाळा शोधू लागतात. आठवीपर्यंतच्या पालिका शाळांतून बाहेर पडलेली मुले, शुल्कामुळे बाहेर पडलेली मुले आणि नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांतील मुले असे तीन लोंढे एकाच जूनमध्ये एकाच दारावर येऊन थांबतात.

त्या दारावर काय घडते ते सांगते. आमच्यासारख्या अनुदानित शाळेत वर्ग पाचवीपासून दहावीपर्यंत असतात, म्हणून नववीची तुकडी आमच्याच आठवीच्या मुलांनी आधीच भरलेली असते. दोघांसाठी बनवलेल्या बाकावर तिघे बसतात, कडेच्या मुलाची वही अर्धी बाकाबाहेर राहते आणि प्रयोगशाळेत एका सूक्ष्मदर्शकाभोवती आठ-दहा डोकी जमतात. अशा वेळी एक आई प्लास्टिकच्या फोल्डरमधून शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक आणि आधार कार्डाची प्रत काढून टेबलावर ठेवते. मुलगा मागे उभा असतो आणि त्याला बहुधा चांगले गुण असतात. कोणी गावी परत गेले किंवा दुसऱ्या बोर्डाकडे वळले, तरच आमच्याकडे जागा होते, म्हणून आम्ही त्याचे नाव एका वहीत लिहून घेतो. त्या वहीला कोणताही शासकीय आधार नाही. शेजारच्या शाळेतही तशीच वही असते, तीच मुले त्या वहीतही असतात आणि यंदा या परिसरात एकूण किती मुलांना नववीची जागा मिळाली नाही हे या वह्या एकत्र करून कोणी पाहत नाही.

अकरावीशी तुलना केली की ही उणीव अधिक ठळक होते. मुंबई विभागात अकरावीचे प्रवेश २००९ पासून केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात आणि २०२५-२६ पासून ही पद्धत संपूर्ण राज्यात लागू झाली. तिच्याबद्दल पालकांच्या तक्रारी असतात आणि त्यांपैकी काही रास्तही आहेत. तरीही प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात किती जागा आहेत, किती भरल्या आणि किती रिकाम्या राहिल्या, हे कोणालाही पाहता येते. नववीच्या बाबतीत असा एकही तक्ता नाही. शासनाच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर शाळेचा अकरा अंकी क्रमांक टाकला तर तिथली पटसंख्या, वर्गखोल्या, शिक्षक आणि स्वच्छतागृहे यांची माहिती मिळते. ही सुविधा उत्तम आहे आणि प्रत्येक पालकाने ती वापरावी. परंतु पटसंख्या म्हणजे आज बसलेली मुले. त्या शाळेत आणखी किती मुले बसू शकतात, हे त्या माहितीतून थेट समजत नाही.

आता नियोजनाच्या मूळ प्रश्नाकडे येते. माध्यमिक शाळेच्या जागांचा अंदाज बांधणे हे शहराच्या नियोजनातले तुलनेने सोपे काम आहे, कारण चार वर्षांनी नववीत जाणारे मूल आज पाचवीत हजर आहे, त्याचे नाव हजेरीपटावर आहे आणि त्याचा पट शासनाला कळवलेला आहे. जन्मनोंदीवरून असा अंदाज बांधता येईल असे वाटते, पण मुंबईत तो आधार कच्चा आहे. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. मालवणीत राहणाऱ्या आईचे बाळंतपण कांदिवलीच्या रुग्णालयात होते, पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी साताऱ्याला किंवा रत्नागिरीला माहेरी जाते आणि ते बाळ मुंबईच्या नोंदवहीत कधी येतच नाही. म्हणून शाळेतील पट हाच खरा पाया धरावा लागतो. दर वर्षीच्या ३० सप्टेंबरचा पट शासन आधीच गोळा करते आणि त्याच आकड्यांवर संच मान्यता, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे, हे ठरते.

पद्धत समजावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेते. समजा, एका विभागातील सर्व शाळांत मिळून आज पाचवीत ४,००० मुले आहेत आणि मागील काही वर्षांचा अनुभव असा आहे की पाचवीतील शंभर मुलांपैकी पंच्याण्णव चार वर्षांनी त्याच विभागात नववीत असतात. म्हणजे ३,८०० मुले. त्या काळात २,००० नवी घरे तयार होणार आहेत आणि दर शंभर घरांमागे नववीच्या वयाची पाच मुले येतील असे धरले, तर आणखी १०० मुले वाढतात. एकूण ३,९०० मुलांना साठच्या तुकडीप्रमाणे ६५ तुकड्या लागतील. आज त्या विभागात ५५ तुकड्या असतील, तर दहा तुकड्यांची तूट आहे आणि ती भरून काढायला चार वर्षे हातात आहेत. एवढे गणित आमच्या सातवीच्या वर्गातली मुले करतात.

यातला नव्या घरांचा आकडाही हवेतला नसतो. मे २०१७ पासून महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रत्येक प्रकल्पात किती सदनिका आहेत आणि तो कधी पूर्ण होणार, हे त्यांच्या संकेतस्थळावर जाहीर असते. इमारतीत राहायला जाण्याची परवानगी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, तर पालिकाच देते. कोणत्या घरांतून किती मुले येतात हे मात्र शोधून काढावे लागते आणि इथे सरसकट एकच प्रमाण धरणे चुकीचे ठरते. एका खोलीच्या सदनिकांच्या मनोऱ्यात नवविवाहित जोडपी येतात आणि त्यांची मुले नववीत पोहोचायला चौदा-पंधरा वर्षे लागतात. पुनर्वसन वसाहतीत याच्या नेमके उलट घडते. मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, चेंबूरचा वाशी नाका किंवा माहुल या ठिकाणी रेल्वे, रस्ते आणि जलवाहिन्यांच्या कामांत विस्थापित झालेली हजारो कुटुंबे थोड्या काळात एकत्र आली आणि त्यांच्यासोबत सर्व वयांची मुले एकदम आली. तिथे नववीची गरज पहिल्याच जूनमध्ये उभी राहते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या नियमांत ठराविक कुटुंबसंख्येमागे बालवाडी आणि कल्याण केंद्र बांधून देण्याची तरतूद आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र तीन वर्षांच्या मुलाची सोय पाहणाऱ्या त्या हिशेबात त्याच घरातल्या चौदा वर्षांच्या बहिणीला स्थान नाही.

लोकसंख्या कोणत्या दिशेने सरकत आहे, हे तर फार पूर्वीच स्पष्ट झाले आहे. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३.३८ लाख होती, ती २०११ मध्ये ३०.८५ लाखांवर उतरली. याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६.४० लाखांवरून ९३.५७ लाखांवर गेला. गिरगाव, दादर, लालबाग, परळ इथल्या जुन्या मराठी शाळांतील तुकड्या पटाअभावी बंद होत गेल्या आणि त्यांतले शिक्षक अतिरिक्त ठरून उपनगरांत समायोजित झाले, याचे मूळ याच स्थलांतरात आहे. शिक्षक बदलीने इकडे आले, पण त्यांच्या वर्गखोल्या, प्रयोगशाळा, मैदाने आणि ग्रंथालये तिकडेच राहिली. २०२१ ची जनगणना लांबली आणि नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तोपर्यंत उपनगरांचे शैक्षणिक नियोजन पंधरा वर्षांहून जुन्या लोकसंख्येवर चालवायचे नसेल, तर शाळांचा पट आणि नव्या घरांचे आकडे वापरण्यावाचून पर्यायच नाही.

जमिनीच्या बाबतीत ही सेवा कागदावर चांगली आणि प्रत्यक्षात संथ आहे. मुंबईचा विकास आराखडा २०३४ हा २०१८ मध्ये मंजूर झाला आणि त्यात पालिका शाळेसाठी तसेच प्राथमिक व माध्यमिक शाळेसाठी स्वतंत्र आरक्षणे आहेत. नकाशावर एखाद्या भूखंडावर आरई १.२ असे लिहिलेले आढळले, तर ती जागा प्राथमिक-माध्यमिक शाळेसाठी राखलेली आहे असे समजावे. आमच्या परिसरातील अशा एका भूखंडावर आज टेम्पो उभे असतात, एका कडेला भंगाराचे दुकान आहे आणि मागच्या बाजूला वर्षानुवर्षांची वस्ती आहे. त्या वस्तीतल्या माणसांना घर मिळाल्याशिवाय ती जागा मोकळी होणार नाही आणि होऊही नये. समावेशक आरक्षणाच्या धोरणानुसार जमीनमालक आरक्षित भूखंडाच्या काही भागावर शाळेची इमारत बांधून ती पालिकेला विनामूल्य देतो आणि उरलेल्या भागाचा विकास स्वतः करतो. पालिकेला जमीन विकत घ्यावी लागत नाही, म्हणून हा मार्ग मला मान्य आहे. परंतु इमारत कधी मिळणार, हे त्यामुळे मालकाच्या आणि बांधकाम बाजाराच्या सोयीवर अवलंबून राहते आणि पाचवीतली मुले तोवर दहावी होऊन बाहेर पडलेली असतात.

जबाबदारीची विभागणी हा यातला सर्वांत कठीण भाग आहे. भूखंडाचे आरक्षण पालिकेच्या विकास नियोजन विभागाकडे, पालिका शाळा पालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, खासगी माध्यमिक शाळांची तपासणी आणि संच मान्यता राज्याच्या शिक्षण निरीक्षकांकडे, नवीन शाळेची परवानगी मंत्रालयात, आणि घरे बांधणारे म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण किंवा एमएमआरडीए अशी ही साखळी आहे. प्रत्येक कार्यालय आपापले काम नियमाप्रमाणे करत असले, तरी त्या सर्वांच्या मधोमध उभ्या असलेल्या मुलासाठी उत्तर देणारे कोणी नसते. इंग्लंडमध्ये आपल्या क्षेत्रात पुरेशा शाळा आहेत हे पाहणे १९९६ च्या शिक्षण कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. तिथे दर वर्षी शाळांच्या क्षमतेची माहिती केंद्रीय शिक्षण विभागाला कळवावी लागते आणि त्यासोबत प्राथमिकसाठी पाच, तर माध्यमिकसाठी सात वर्षे पुढचा अंदाज द्यावा लागतो. तिथेही जागा कमी पडतात, परंतु कोणाचा अंदाज चुकला हे कागदावर दिसते आणि पुढच्या वर्षी तो सुधारावा लागतो. आपल्याकडे मुळात अंदाजच लेखी नसल्याने तो चुकण्याची किंवा सुधारण्याची वेळच येत नाही.

अंतराचा निकषही मुंबईत तोकडा पडतो. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान २००९ मध्ये सुरू झाले तेव्हा माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी असे ठरले. पश्चिम उपनगरे म्हणजे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यान यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे आणि तिच्या मधून रेल्वे आणि द्रुतगती महामार्ग जातात. मालवणीहून मालाड पूर्वेला जाणारी मुलगी नकाशावर पाच किलोमीटरच्या आसपासच असते, पण तिला सकाळच्या अधिवेशनासाठी, म्हणजे सकाळच्या पाळीच्या शाळेसाठी, बस पकडावी लागते, गर्दीचा पूल ओलांडावा लागतो आणि पुन्हा रिक्षा किंवा बस शोधावी लागते. थोरल्या मुलीला तितक्या लांब पाठवण्यापेक्षा धाकट्या भावंडांजवळ ठेवणारी घरे मी पाहिली आहेत आणि त्या आईवडिलांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. निकष किलोमीटरऐवजी मिनिटांत मोजावा आणि रूळ किंवा महामार्ग ओलांडावा लागत असेल तर ती शाळा त्या मुलासाठी जवळची मानू नये, अशी माझी स्पष्ट सूचना आहे.

माध्यमाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण इथे आकड्यांचा आधार घेऊन बरीच दिशाभूल होते. एखाद्या विभागात एकूण जागा पुरेशा दिसतात, पण त्यांतल्या कित्येक जागा भरमसाट शुल्काच्या शाळांत असतात आणि आठवीपर्यंत मराठी, हिंदी किंवा उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलाला त्यांचा काहीच उपयोग नसतो. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर उपनगरांच्या नव्या भागांत ज्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांत इंग्रजी माध्यमाच्या शाळांचेच प्राबल्य आहे. मराठी पालकांनी मराठी शाळांकडे पाठ फिरवली असे आपण सहज म्हणतो आणि त्यात तथ्य आहेच. पण मनोऱ्यांच्या नव्या वसाहतींत दहावीपर्यंतची चांगली मराठी शाळा मुळात उभीच राहिली नाही, तर पालकांनी निवड करायची तरी कशातून? लालबागच्या चाळीतून कांदिवली-बोरिवलीकडे आलेल्या कुटुंबाला तिथे मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा चालण्याच्या अंतरावर दिसली असती, तर त्यांतल्या काहींनी तरी ती निवडली असती, असा माझा अनुभवावर आधारलेला विश्वास आहे. म्हणून जागांचा हिशेब माध्यम आणि शुल्क यांनुसार वेगवेगळा मांडला पाहिजे, आणि एका माध्यमातील रिकामी जागा दुसऱ्या माध्यमातील तुटीवर उतारा म्हणून दाखवू नये.

या सर्व बाबी लक्षात घेऊन मी या सेवेला प्राथमिकसाठी पाचपैकी साडेतीन आणि माध्यमिकसाठी पाचपैकी दोन गुण देते. हे दोन गुण आठ माध्यमांच्या शाळांसाठी आणि वर्गवाढीसाठी आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पूर्वप्राथमिक ते माध्यमिक स्तरावर २०३० पर्यंत शंभर टक्के पटनोंदणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०३० च्या जूनमध्ये नववीत बसणारी मुले आज आपल्याच प्राथमिक शाळांत आहेत. सर्वांत स्वस्त आणि जलद उपाय नवीन इमारतींचा नसून, ज्या पालिका शाळा आठवीवर थांबतात आणि जिथे दुपारच्या किंवा सकाळच्या अधिवेशनात खोल्या मोकळ्या आहेत, तिथे आधी नववी आणि पुढच्या वर्षी दहावी सुरू करण्याचा आहे. त्यासाठी विज्ञान, गणित आणि इंग्रजीचे माध्यमिक शिक्षक आधी नेमावे लागतील. वर्ग उघडून शिक्षक मागाहून देण्याची पद्धत मुलांवर अन्याय करणारी आहे.

वाढत्या भागात घर घेऊ पाहणाऱ्या आणि ज्यांची मुले तिसरी-चौथीत आहेत अशा पालकांसाठी दोन व्यवहार्य गोष्टी सांगते. विक्री कार्यालयात दाखवल्या जाणाऱ्या चित्रातील शाळेवर विसंबू नका. विकास आराखड्याच्या नकाशावर तो भूखंड शोधा आणि तिथे प्रत्यक्ष जाऊन या. यू-डायसवर परिसरातील प्रत्येक शाळेची शेवटची इयत्ता कोणती आहे ते पाहा आणि आठवीवर थांबणाऱ्या शाळेत मूल असेल, तर चौथीतच नववीची चौकशी सुरू करा, कारण पाचवी ते दहावीच्या शाळेत पाचवीला प्रवेश मिळणे नववीपेक्षा कितीतरी सोपे असते. गृहनिर्माण संस्था आणि शाळा व्यवस्थापन समित्या यांनी ३० सप्टेंबरचा पट निश्चित झाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, माहिती अधिकारात आपल्या विभागातील सर्व शाळांचा पाचवी ते नववीचा माध्यमनिहाय पट आणि नववीच्या मंजूर तुकड्या मागवाव्यात, दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी मांडावेत आणि तो कागद पालिकेचे शिक्षणाधिकारी, शिक्षण निरीक्षक आणि विकास नियोजन विभाग या तिघांना एकाच दिवशी द्यावा. पालिकेचा अर्थसंकल्प साधारणतः फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो, त्यामुळे नव्या वर्गांची मागणी त्याआधी पोहोचली तरच पुढच्या जूनमध्ये तिचा उपयोग होईल.